भोयरकाकांचा तगादा

मंगळवार, सकाळी साडेदहा, दुकानाचं मागचं ऑफिस. हजर: मालक, म्हणजे आमचे भैयाजी; कॉम्प्युटर सांभाळणारी नेहा; शिलाई विभागाचे भोयरकाका; आणि टिपणं घेणारी मी. गैरहजर: चहा. विषय: लग्नसराईच्या आत शिलाईचा रॅक रिकामा करणे.

चहा गैरहजर म्हणून काका बैठकीतून उठले, दारात जाऊन चहा आणायला गेलेल्या पोराच्या नावाने ओरडले, "काहून रे, दुधासाठी म्हैस घ्यायले गेला का?" आणि शांतपणे परत येऊन बसले.

अर्धवट राहिलेली गोष्ट काकांना सहन होत नाही. काल दात दुखत होता, असं तुम्ही सहज बोलून गेलात की संपलं. दुसऱ्या दिवशी, "दाताचं पुढं काय झालं?" मग डॉक्टर कोण, औषध कोणतं. दात काढून टाकला तरी सुटका नाही, कारण आता कवळीचं बघायचं असतं. माझ्या भाचीचं लग्न जमत नव्हतं त्या दिवसांत मी काकांना टाळायला मागच्या जिन्याने वर येत असे. एकदा ते जिन्यातच उभे होते. "ताई, त्या दुर्गवाल्या स्थळाचं पुढं काय झालं?"

पंडरी बाजारातल्या आमच्या दुकानात साडी घ्या, फॉल लावून घ्या, ब्लाउज शिवायला टाका, सगळं एका छताखाली. पण पूर्वी बिलं एका कॉम्प्युटरमध्ये, शिलाईच्या नोंदी काकांच्या वहीत आणि ग्राहकांचे फोन नंबर तिसऱ्याच ठिकाणी. या तिघांची गाठ फक्त काकांच्या डोक्यात पडायची. मग ते फोन करायचे. चौबे कॉलोनीतल्या एक बाई ब्लाउज न्यायला येईनात, तर काका त्यांना म्हणाले, "दीदी, जाड झाल्या असान तर लाजू नका. आत कपडा सोडला आहे, उसवून देतो." बाई त्याच संध्याकाळी आल्या. भांडायला आल्या, पण ब्लाउज घेऊन गेल्या.

मग भैयाजींनी तिन्ही ठिकाणची माहिती एकत्र जोडणारी सिस्टिम घेतली. आता ब्लाउज तयार झाला की रोज सकाळी अकराला ग्राहकाच्या फोनवर आपोआप निरोप जातो: अमुकजी, आपका ब्लाउज़ तैयार है, कब आ रही हैं? ग्राहक माल घेऊन गेला की नेहा बटण दाबते आणि निरोप थांबतो.

आम्हाला वाटलं, आता काका रुसणार. ते तर खूश झाले. सिस्टिमला ते 'पोट्टी' म्हणतात, म्हणजे पोरगी. "पोट्टी बरोबर माह्या वळणावर गेली. पिच्छा सोडत नाही." सुरुवातीला पोट्टीने एका रिटायर्ड फौजदारांनाच ब्लाउज न्यायला बोलावलं, सूनबाईंचं बिल त्यांच्या नंबरवर होतं. फौजदारसाहेब मिशा फुगवून दुकानात आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "साहेब, गळा मागून खोल ठेवाचा होता ना?"

त्याच सुमारास काका दोन फोन बाळगायला लागले. अकराला शर्टाच्या खिशातला दुसरा फोन वाजायचा. काका तो काढून वाचायचे, मान डोलवायचे आणि परत ठेवायचे. काउंटरवरची पोरं चिडवायची, "भैया, ये दूसरी कौन है?" काका म्हणायचे, "तुही सासू."

तर बैठक. संध्याकाळपर्यंत जुना माल द्या नाहीतर सिस्टिममधून काढा, असं सांगून भैयाजी काउंटरवर गेले. नेहा यादी वाचत गेली, काका फोन लावत गेले, मी खुणा करत गेले. दुपारपर्यंत रॅक जवळजवळ रिकामा झाला. शेवटी नेहा म्हणाली, "काका, ये शोभा भोयर कौन हैं? रोज़ मैसेज खुलता है, पर लेने कोई नहीं आता. आपके रिश्ते में हैं क्या?"

काकांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. उठून बाहेर गेले.

नेहा नवी आहे. शोभाकाकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या, हे तिला ठाऊक नव्हतं.

मी गेले तेव्हा काका रॅकपाशी उभे होते. हातात पिशवी. आत जांभळा ब्लाउज.

"भाच्याच्या लग्नासाठी टाकला होता तिनं," ते म्हणाले. "नेहा वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरात भरत होती, अन् मी वाचून सांगत होतो. तिची नोंद आली. वाचली. खोटं कसं वाचू?"

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अकरा वाजता घरी कपाटात तिचा फोन वाजला. मले वाटलं, कोण मेलं आता. पाहतो तं पोट्टी. 'शोभाजी, कब आ रही हैं?'"

ते हसले. मग पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"घरी तिचं नाव कोणी घेत नाही, ताई. पोरगा पुण्याहून फोन करते. विषय काढला की म्हणते, पापा, मम्मी की बात मत करो, आपका बीपी बढ़ेगा. ब्राह्मणपाऱ्यातल्या शेजारच्या बायका मले पाहून बोलणं बदलवतात. सगळ्यांनी मिटवून टाकलं. हे पोट्टी एकटीच रोज नाव घेऊन विचारते." मग पिशवी रॅकवर ठेवून ते म्हणाले, "दाबा बटण. मालकाचं काम आहे. मी काही म्हणत नाही."

आयुष्यभर लोकांना 'पुढं काय झालं' विचारणारा माणूस माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. पिशवी रॅकवरच राहिली.

संध्याकाळी भैयाजींनी विचारलं, "दीदी, रैक खाली हो गया?"

"एक पीस बाकी है."

"कस्टमर कब आएगा?"

"पूछ रहे हैं," मी म्हणाले.

भैयाजींनी मान हलवली आणि गल्ल्याकडे वळले. नेहा बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणून खूण केली. तिने हात मागे घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला.

मी कामाची यादी शिल्लक ठेवून घरी जात नाही. आजच्या टिपणात मात्र सगळ्यात खाली लिहिलं आहे: शोभा भोयर, जांभळा ब्लाउज, देणे बाकी. विचारणा चालू.