वैद्यमावशी फिरायला निघतात तेव्हा

वैद्यमावशी बर्फात गाऊनवर फिरतात. वर जाड जॅकेट, पायात गमबूट, डोक्याला माकडटोपी आणि जॅकेटखालून चार बोटं डोकावणारा फुलाफुलांचा सुती गाऊन. लेक सुपिरिअरच्या काठावरच्या आमच्या गावात हे ध्यान पहाटे पहिल्यांदा बघणारा माणूस गाडी हमखास हळू करतो.

मावशी इथल्याच हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. "जन्मभर लोकांना झोपवलं, आता उठवते," म्हणत त्या युनिव्हर्सिटीतल्या आम्हा मराठी मुलांच्या खिडक्यांवर काठी आपटतात. "उठा रे मुडद्यांनो! थंडीला काय भ्यायचं? ती काय सासू आहे?"

मी सांगलीचा. आमच्याकडे स्वेटर घालायलासुद्धा निमित्त शोधावं लागतं. "मावशी, थिसिस लिहायचाय," मी गयावया केली. "डोकं गार झाल्याशिवाय थिसिस होत नाही," म्हणून त्यांनी मला ओढतच नेलं. बाकीचे पांघरुणात तोंड लपवून पडून राहिले. तावडीत सापडलो मी एकटा.

पण खरं सांगू? भारी वाटतं राव. रात्री पडलेल्या बर्फावर आपलीच पहिली पावलं. बुटाखाली कुरकुर आवाज, बाकी सगळं चिडीचूप. पाण्यावरून वाफ उठत असते, पापण्यांवर खडीसाखर जमते. अंधार हळूहळू निळा होतो आणि मग कधीतरी सूर्य येतो. तेवढा वेळ मावशी चक्क गप्प असतात. तो पुरता वर आला की "हं, झालं काम," असं म्हणतात, जसा काही यांनीच तो ढकलून वर आणला! मग आल्याचा चहा आणि डिंकाचा लाडू. लाडू थंडीनं दगड झालेला असतो. "चाव, कवळीवाली मी चावते की!"

मागच्या डिसेंबरात एका सकाळी असे चहा पीत असताना त्यांच्या मुलाचा, निखिलचा, दूरच्या शॉमबर्ग शहरातून फोन आला. मावशी फोन कायम स्पीकरवर ठेवतात.

"आई, आर यू अलोन अगेन? आपलं ठरलंय ना? एकटी फिरणार असशील तर घर विकायचं आणि तू इकडे यायचं. आय ॲम सीरियस."

"एकटी कुठली? अरे, पोरांची रांग लागते दारात! नको म्हटलं तरी ऐकत नाहीत."

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर आम्हा दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं.

फोन खिशात टाकून मावशींनी उरलेला चहा बर्फावर ओतला. मग म्हणाल्या, "सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत. पण तिथे मी निखिलची आई. इथे मी मी आहे रे. तू जानेवारीत ट्रॉयला नोकरीवर जाशील आणि हा मला उचलून नेईल. मला भीती वाटते."

थंडीला न भिणारी ही बाई हे बोलली. त्याच दिवशी मी सगळ्यांची दारं वाजवली. "यार, आपल्याला वाटतं ती आपल्याला छळते. तिला सोबत हवीय. नाहीतर तिचं घर जाणार आहे," एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या आधी आम्ही त्यांच्या दारात. नागपूरची ऋचा जॅकेटवर ब्लँकेट गुंडाळून, ओंकार उभ्या उभ्या पेंगत, त्याच्या मागे बाकीची गँग. मावशींनी दार उघडलं. "अगंबाई! कोण गेलं?"

"कुणी नाही. फिरायला चला, मावशी."

तेवढ्यात निखिलचा फोन आला. मावशींनी तो आमच्यासमोर धरला. "नावं सांगा रे एकेक जण. मोठ्यानं!"

आम्ही बर्फात उभं राहून आपापली नावं ओरडलो. समोरच्या घरात दिवा लागला. मग निखिल म्हणाला, "ओके आई. ओके. मफलर घेतलास ना?"

मावशींनी फोन बंद केला, ऋचाचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "वाचलं गं बाई माझं घर."