शिक्का नंबर नऊ

माझ्या पुतणीच्या लग्नात सोनाजीनाना वाघमोडे जेवायला बसले, तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा ग्लास रिकामा केला, शर्टाच्या खिशातून लोकरीचा पुंजका काढला आणि ग्लासच्या कडेवरून गोल फिरवला. लोकरीचा एक तंतू अडकला.

"नापास," नाना वाढप्याला म्हणाले.

दुसरा ग्लास आला. नापास. पाचवा ग्लास पास झाला तोवर भात पंगतीवरून फिरून गेला होता आणि माझा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, माझ्याकडं असा बघत होता की जणू ते ग्लास मीच ठोकून आणले होते.

"काळेसाहेब," नाना अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, इथं एकशेवीस माणसाचे ओठ कापायची सोय केलीय."

माणसं एकशेवीस नव्हती, दोनशे दहा होती. पण तेव्हा ते सांगण्यात अर्थ नव्हता.

नाना वाळूजला आमच्या कारखान्यात तपासनीस. मी तिथंच कागदपत्रं आणि मालाची रवानगी बघतो. आमची घरंही एकाच गल्लीत, त्यामुळं या माणसापासून माझी सुटका ना आठ तास कामावर, ना उरलेले सोळा तास घरी. माझ्या घरी आले की चहाच्या बशीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्यावरून लोकर फिरते. बायकोनं नवा कुकर घेतला, तो नानांनी परत करायला लावला. दुकानदार म्हणाला, असं कुणी तपासतं का? नाना म्हणाले, "धागा खोटं बोलत नाय. तू बोलतोस."

नानांचं गाव दौलताबादच्या डोंगरापलीकडं. घराणं मेंढपाळाचं. चराईचे माळ एकेक करून बंद झाले तसा भावानं कळप विकला. नानांनी त्यातली एक मेंढी मागून घेतली. बायको गेल्यापासून घरात ते आणि ती मेंढी, बानी. लोक घरासमोर जिथं मोटरसायकल लावतात, तिथं नानांची बानी बांधलेली असते. सोसायटीनं त्याबद्दल दोनदा लेखी तक्रार केली. दुसरी मीच लिहिली, कारण माझ्या कुंड्यांतली शेवंती तिनं तीन वेळा खाल्ली होती आणि तिन्ही तारखा माझ्याकडं होत्या.

नानांनी तक्रार वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "बानी पास हाय. तुमची शेवंती नापास. लई कडू."

आता लोकरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचा कारखाना युरोपातल्या एका मोठ्या कंपनीला बुश पुरवतो. ती कंपनी विमानांची, त्यातही लष्करी विमानांची, चाकं खाली-वर करणारी यंत्रणा बनवते. आमचा बुश त्यातली अंगठ्याएवढी पोलादी नळी. नळीला आडवं एक भोक असतं, तेलासाठी. भोक पाडलं की नळीच्या आतल्या अंगाला धातूचा बारीक काटा उरतो. त्याला आमच्याकडं बर म्हणतात. तो डोळ्याला दिसत नाही, बोट घातलं तर बोट कापतं, आणि राहून गेला तर एखाद्या दिवशी विमानाचं चाक वरच अडकू शकतं. नाना प्रत्येक नळीतून लोकर ओढतात. तंतू अडकला की बर आहे. मग हातानं खरवडून काढायचा, परत लोकर, आणि मगच बुशवर स्वतःचा शिक्का मारायचा. या धंद्यात प्रत्येक तपासनिसाचा वेगळा शिक्का असतो. नानांचा, गोलात नऊ.

चौदा वर्षांत नऊचा शिक्का असलेला एकही बुश परत आला नाही. ही हवेतली गोष्ट नाही. परत आलेल्या मालाची वही माझ्याकडं असते.

काही वर्षांपूर्वी कंपनीचा एक गोरा तपासणीला आला. नानांच्या टेबलावर त्याला लोकर दिसली आणि साप दिसावा तसा तो मागं सरकला. विमानाच्या भागांजवळ परकी वस्तू! त्यानं तसा गंभीर शेरा लिहिला.

"परकी?" नाना कडाडले. "मेंढी हितली, मी हितला, लोकर हितली. ह्यो कुठला?"

मी भाषांतर केलं, "ते म्हणतात, यापुढं काळजी घेऊ."

आणि काम करण्याच्या पद्धतीचा जो अधिकृत कागद असतो, त्यातली पायरी क्रमांक चौदा मी बदलली. तिथं लिहिलं, 'आतली बाजू भिंगातून नजरेने तपासावी.' गोरा खूश होऊन गेला. लोकर टेबलावरून उठून नानांच्या खिशात गेली आणि काम होतं तसंच चालू राहिलं. मी आयुष्यात कधी खोटी नोंद केलेली नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो. ही एक सोडून.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर निळे ठिपके. कंपनी अमेरिकेत विस्तारते आहे, परिवारातल्या प्रत्येकासाठी हा अभिमानाचा क्षण आहे वगैरे. आमचा क्षण तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत होता. तिकडच्या लष्कराचं काम हवं तर माल तिकडंच बनायला हवा, म्हणून तिथला एक कारखाना विकत घेतला आहे, आणि तो तयार झाला की आमचा बुश तिथं बनेल. चौदा वर्षांची बोळवण एका ओळीत. शब्द मोजले तर सतरा. विस्तार त्यांचा आणि आकसायचं आम्ही. मला इतका संताप आला की ते पत्र फाइलला लावताना मी पहिल्यांदा भोकं वाकडी पाडली.

नानांनी कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटली. "परिवार म्हणं! अरे, मेंढरू इकताना बी माणूस त्याच्या कपाळाला हळद लावतो. ह्यांनी ईमेल लावला!"

बुशच्या विभागात अकरा माणसं. अकरावा मी.

पण झालं असं की तिकडं बुश बनेचना. यंत्रं आमच्यापेक्षा नवी, कागद आमचाच, पायऱ्या त्याच, आणि लॉटमागून लॉट नापास. कारण एकच, बर. ते बिचारे पायरी क्रमांक चौदाप्रमाणं भिंगातून बघत होते. मी लिहिलेलं इतक्या श्रद्धेनं कुणी पाळल्याचं मला तरी आठवत नाही.

तिकडं जमत नव्हतं तोवर ऑर्डर आमच्याकडं होती. तोंडावर कुणी हसलं नाही, पण डबे खाताना सगळे जरा मोकळे झाले. मग कंपनीनं कळवलं, तुमच्या तपासनिसाशी पडद्यावर बोलायचं आहे. मालकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "कागदावर आहे तेवढंच बोलायचं." लेथवरचे सलीमभाई नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, चुप बैठने का भी हुनर होता. हमारी खातिर एक दिन सीख लो."

पडद्यावर नानांच्याच वयाचा एक माणूस आला. डोक्यावर टोपी, दोरीला अडकवलेला चष्मा, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. तो तिकडचा तपासनीस, बिल. मी मध्ये दुभाष्या. त्यानं विचारलं, तुम्ही आतून कसं तपासता? मी चौदावी पायरी वाचून दाखवली. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचली. नानांनी खिशातली लोकर मुठीत दाबून धरली होती.

मग बिलनं नानांच्या कोटावरची पट्टी पाहिली. तिथं शिक्क्याचा नंबर असतो. तो पडद्याजवळ आला आणि म्हणाला, "नाइन? यू आर नाइन?" पुढं तो बराच वेळ बोलला. बोलताना त्यानं टोपी काढली.

"काय म्हणतोय?" नानांनी विचारलं.

"तुमचा नंबर विचारतोय," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं बोट दाखवत इतकंच म्हणाले, "त्येला इचारा, बोटं लई कापलीत का."

मी विचारलं नाही. मी म्हणालो, नानांनी शुभेच्छा दिल्या आहेत. पडदा बंद झाला. सलीमभाईंनी चहा सांगितला. नानांनी घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा नमुन्याचा खोका अमेरिकेला जायचा होता, थेट त्याच कारखान्याला, जुळवून बघण्यासाठी. दोनशे बुश, एकेक बासष्ट ग्रॅमचा, म्हणजे बारा किलो चारशे. खोका आणि भरण एक किलो दीडशे. एकूण तेरा किलो साडेपाचशे ग्रॅम. काट्यानं दाखवलं तेरा किलो पाचशे अठ्ठ्याऐंशी.

तीन वेळा वजन केलं. अडतीस ग्रॅम जास्त.

मी खोका उघडला. बुशांच्या खालच्या थरात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लोकर. पांढरी, धुतलेली, विंचरलेली, शाम्पूचा वास येत होता. आणि वहीच्या पानावर चिठ्ठी:

'भाऊ, ही लोकर आतून ओढ. अडकली तर तिथं बर आहे. बोट घालू नको. शिक्का ९.'

चिठ्ठी मराठीत. अमेरिकेत, त्या बिलसाठी, मराठीत!

संध्याकाळी मी पिशवी घेऊन नानांच्या दारात गेलो. बानी अर्धवट कातरलेली उभी होती, एक बाजू उघडी, एक बाजू भरलेली. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"नाना, अकरा माणसं आहेत. अकरा! सलीमभाईंच्या तीन मुली आहेत. तुम्हाला त्या माणसाचा एवढा पुळका?"

"आवाज खाली. मेंढी बिचकती."

"बिचकू द्या! त्या कंपनीनं चौदा वर्षांनी आपल्याला सतरा शब्द दिले आणि तुम्ही त्यांना लोकर धुऊन पाठवताय?"

"कंपनीला नाय." नाना एकदम उसळले. "कंपनीचं तळपट होवो! तिला मी कुसळ बी देणार नाय. पर माल नापास करायचं माझं काम हाय, काळेसाहेब. माल नापास होताना मजा बघत बसायचं नाय. आज ना उद्या कुणाच्या तरी नजरंतून एक बर सुटंल अन् त्यो इमानात जाईल. तवा तुमची चौदावी पायरी कुणाला वाचून दाखवणार?"



नाना बानीशेजारी खाली बसले. कातरीनं तिची राहिलेली बाजू कापू लागले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नाइन मला कळतं हो. एवढं विंग्रजी येतं. टोपी काढली तवा काय म्हणाला त्यो?"

मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. बिलचा तो कारखाना कंपनीनं विकत घ्यायच्या आधीपासून तिच्यासाठी जोडणीचं काम करायचा, आणि आमचे खोके तोच उघडायचा. चौदा वर्षं. सुरुवातीला एकेक बुश तपासायचा. मग त्यानं तपासणं सोडून दिलं. गोलात नऊ दिसला की माल सरळ आत. 'घरी मी बायकोला सांगायचो,' तो म्हणाला होता, 'जगात कुठंतरी एक नऊ नंबर आहे, तो कधी रजा घेत नाही की काय?'

कातर थांबली.

"बायकोला सांगायचा?" नानांनी विचारलं.

"हो."

"माझी होती तवर मी बी सांगायचो. आज इतके पास केले, इतके नापास. ती गेल्यापास्नं..." त्यांनी बानीच्या पाठीवरची लोकर उगाचच झटकली. मग एकाएकी माझ्यावर ओरडले, "अन् हे तुम्ही आठ दिस पोटात ठिवलं? नापास! काळेसाहेब, तुम्ही साफ नापास!"

पुढं व्हायचं ते झालं. तीन महिन्यांत तिकडचा माल पास होऊ लागला आणि आमची ऑर्डर संपली. सहा जण दुसऱ्या विभागात गेले, पाच जण घरी. सलीमभाई आता बिडकीनला कामाला जातात, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. ते नानांशी बोलतात, मी कंपनीच्या नावानं अजून बोटं मोडतो, आणि नाना आता ट्रॅक्टरच्या पिनांवरून लोकर फिरवतात, ज्याची तिथं कुणालाच गरज नाही.

नानांच्या ओट्यावरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पिशवी खोक्यात परत ठेवली होती. मालाच्या यादीत शेवटची ओळ वाढवली: 'मेंढीची लोकर, धुतलेली, अडतीस ग्रॅम, तपासणीसाठी.' वजन जुळलं. मग चिठ्ठीच्या खाली इंग्रजीत भाषांतर लिहायला घेतलं. आतून ओढ. अडकली तर तिथं बर आहे. बोट घालू नको. सगळं नीट उतरलं. फक्त पहिला शब्द लिहिताना पेन थांबलं. मिस्टर लिहिलं, खोडलं. सर लिहिलं, खोडलं.

शेवटी इंग्रजी अक्षरांत 'भाऊ' असंच लिहिलं आणि खोका बंद केला.