सासऱ्यांची शेवटची माशी

दाताच्या डॉक्टरांनी जेवताना फुशारकी मारली नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं. त्यांच्या सासऱ्यांना नदीवर मासे धरायचा नाद. माशांना भुलवायला गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून खोटी माशी कशी बांधतात, ते रंगवून सांगत होते. एरवी गप्प असणारे डॉक्टर म्हणाले, "बाबा, आम्ही अक्कलदाढेच्या मागे टाके घालतो. हा तर डाव्या हाताचा मळ."

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्यांच्यावर पिशवी धरण्यापलीकडचं काम कधी सोपवलं नव्हतं. आज मात्र त्यांनी खिशातून डबी काढली, आतली शेवटची माशी जावयाच्या हातावर ठेवली आणि रविवारपर्यंत अशीच आणखी एक हवी म्हणाले. डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं.

दवाखान्यात त्यांनी माशी चिमट्यात धरली आणि गाठ बघायला दोऱ्याचं टोक जरासं सोडवलं. ताण सुटला, आणि पंख, पाय, पोट सगळं टेबलावर उतरलं. उरला नुसता गळ.

परत बांधताना दोरा सतत ताणून धरावा लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं. एका हातात गळ, दुसऱ्यात पीस, म्हणून दोरा दातात. तेवढ्यात शिंक आली आणि होती नव्हती ती पिसं उडाली. मग त्यांनी घरून उशी आणून उसवली. शेवटी जे तयार झालं, ते चावून टाकलेल्या कापसासारखं दिसत होतं. त्यात पेशंट आला, आणि गडबडीत ते ध्यान डॉक्टरांच्या बाहीला अडकून राहिलं.

"डॉक्टर, माशी बसलीय," म्हणत पेशंटने फटका मारला. गळ त्याच्या तळव्यात घुसला. डॉक्टरांनी तो काढून पट्टी बांधली, पण पेशंट दाताला हात लावू न देताच निघून गेला. निदान कोणाला तरी ती माशी वाटली, एवढंच डॉक्टरांना समाधान.

रविवारी सासरे आले. डॉक्टरांनी ते ध्यान पुढे ठेवून सगळं कबूल केलं.

"तुमच्या हातची माशी होती, बाबा. मी वाट लावली. तुम्ही शेजारी बसून दाखवलंत तर शिकेन."

सासरे उठले. त्यांनी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं.

"मीही एक अशीच उघडून बघितली होती."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून दुकानातून आणतो. आता ते दुकान बंद पडलं."

"पण घरात सगळे म्हणतात, तुम्ही स्वतः बांधता."

"मीच सांगितलंय ना तसं."

दार उघडून सासऱ्यांची लेक चहा घेऊन आली आणि माशी कशी झाली विचारू लागली. सासऱ्यांचा चेहरा पडला.

"बाबा शिकवतायत," डॉक्टर म्हणाले. "हात फार सफाईचा आहे त्यांचा."

सासऱ्यांनी आपली खुर्ची जावयाच्या जवळ ओढली, आणि दोघंही, कोणालाच काही येत नसताना, त्या गळावर मान वाकवून बसले.