गॅरेजचं बटण, खुर्चीपाशी

गॅरेजात दिवा बसवायचा, एवढंच ठरलं होतं. बटण कुठं हवं ते ठरवायचं काम बायकोनं माझ्यावर सोपवलं, आणि सगळं तिथंच बिघडलं. (एरवी ती मला भाजीसुद्धा निवडू देत नाही.)

तिची बदली दुसऱ्या गावी झाल्यापासून ती शनिवारी संध्याकाळी गाडी चालवत घरी येते आणि सोमवारी पहाटे जाते. मधले दिवस मी कसे काढतो ते विचारू नका. तिची उशी रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर पेपर ठेवतो. पण पेपरला बायकोची सर येत नाही. तो "घोरताय" म्हणून ढोसत नाही.

त्यातच तिला तिथं बढती देऊ केली होती. ती घ्यायची की परत यायचं, ते या शनिवारी ती सांगणार होती. फोनवर मी मोठ्या मनानं म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणायचं होतं, "परत ये." पण ते काही केल्या तोंडातून निघेना.

म्हणून ते दिव्यानं सांगावं, असं मी ठरवलं. तिची गाडी वळणावर दिसली की गॅरेज उजळायचं. घर वाट बघतंय, हे तिला न बोलता कळायचं. तेव्हा बटण हवं माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीपाशी!

वायरमननं डोकं खाजवलं. "साहेब, दिवा गॅरेजात आणि बटण हॉलमध्ये?"

"हो."

"मग गॅरेजात कुणी गेलं तर?"

"बायकोच जाणार. मी खुर्चीत असेनच की."

"आणि तुम्हीच गेलात तर?"

"मी कशाला जातोय? मला गाडी येत नाही."

त्यानं मुकाट्यानं बटण बसवलं. शिडी नंतर नेतो म्हणून गॅरेजातच ठेवून गेला.

शनिवारी मी दुपारपासून खुर्चीत बसलो, बोट बटणावर. गाडीचा आवाज आला की दिवा लाव, कुणी दुसरंच निघालं की बंद कर. शेवटी शेजारीण ओरडली, "अहो, तुमच्या गॅरेजात शॉर्टसर्किट झालंय का?"

अंधार पडला. तिचा पत्ता नाही. मला चैन पडेना. तिला सांगायचं काय, ते मनात घोकत मी नुसतं बघून येऊ म्हणून फाटकापर्यंत गेलो, मग वळणापर्यंत. मागे लॅचचं दार खाडकन लागलं, ते मी ऐकलं. त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

तेवढ्यात तिची गाडी माझ्यासमोरून गेली. मी चपला फटफटवत मागे पळालो. तिनं गाडी गॅरेजात घातली, बंद केली, आणि मिट्ट काळोख झाला.

"उतरू नकोस!" मी आत धावत ओरडलो. "तिथं शिडी आहे!"

शिडी खरंच तिथं होती. मी तिच्यासकट आडवा झालो.

"अहो, लागलं का?" ती काळोखातच माझ्याशेजारी खाली बसली. "बटण कुठाय?"

"हॉलमध्ये."

"घराची किल्ली?"

"बटणाशेजारी."

"आणि माझ्याकडची गेल्या आठवड्यात मागून घेतलीत ती?"

"वायरमनकडे."

तिचा हात माझा गुडघा चाचपत होता. सहा दिवस मी त्याच हातासाठी झुरलो होतो. अंधारात मला अचानक धीर आला.

"परत ये ना," मी म्हणालो. "तू नसलीस की करमत नाही गं."

"येतेय. बढती नको म्हणून कालच सांगून टाकलं ऑफिसात."

मी उठून बसलो. "माझ्यासाठी?"

"साहेबांनी कारण विचारलं," ती माझ्या चपलेचा तुटका अंगठा शोधत म्हणाली. "म्हटलं, घरी लहान मूल एकटं असतं."

आमच्या मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली.