गुंडूअण्णांच्या गावचं पाणी

आमच्याकडे नळाला पाणी सहाव्या-सातव्या दिवशी येतं. ते आलं की हुबळीतलं अख्खं विद्यानगर कळशा, बादल्या, पाइप घेऊन धावतं, आणि आमच्या आवारात मात्र गुंडूअण्णा पाटील नळापाशी हात जोडून उभे राहतात. नळ आधी खोकतो, फुसफुसतो, मग लालसर धार पडते. अण्णा तिच्याखाली ओंजळ धरतात आणि म्हणतात, "ये बाई. दमलीस."

पुढची पाच मिनिटं पाइप जोडायचा नाही, मोटर लावायची नाही. लांबून आलेल्या माणसाला दारातच कामाला जुंपतात होय, असं त्यांचं म्हणणं. आता मी लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. पाच मिनिटांत टाकी किती भरली असती, हे मला झोपेतही सांगता येतं. तीन वर्षांपूर्वी कमरीपेठेतलं घर सोडून मी इथं आले तेव्हा घरमालकानं सांगितलं होतं की शेजारी सज्जन आहेत आणि दोन घरांत मिळून नळ एकच आहे. त्या नळाला पाहुणे येतात, हे काही तो बोलला नव्हता.

पाणी मलप्रभेचं, नविलुतीर्थाच्या धरणातलं, हे हुबळीत कुणालाही ठाऊक आहे. अण्णांचं तेवढ्यानं भागत नाही. त्यांचं गाव खानापूरच्याही वर, जंगलात, जिथं मलप्रभा अजून उडी मारून ओलांडता येते. त्यामुळं धार सुरू झाली की आगगाडीची स्टेशनं घ्यावीत तशी यादी सुरू होते. कणकुंबीला निघाली. हब्बनहट्टीला मारुतीच्या पाया पडली. मग असोगा, खानापूर, एम. के. हुबळी (ती वेगळी), मुनवळ्ळी, धरण. "तिथनं पाइपात घातली बिचारीला. आणि आता हितं." मग एक घोट घेऊन डोळे मिटतात आणि आमच्याकडं पाऊस झाला बघा, असं जाहीर करतात. एकदा मी मुद्दाम मोबाइलवर हवामान बघितलं. पाऊस झाला होता. त्यानंतर मी बघायचं सोडून दिलं.

अण्णा सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. खानापूर तालुक्याच्या नकाशात त्यांनी आपल्या गावाचा ठिपका खुद्द खानापूरएवढा काढला होता. साहेबानं विचारलं, पाटील, तिथं घरं किती? चाळीस, म्हणाले. मग ठिपका एवढा कसा? "घरं थोडी हाईत साहेब, गाव मोठं हाय." ठिपका खरवडून काढावा लागला. नदी मात्र त्यांनी जरा जाडच ठेवली होती आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. हे सांगताना म्हातारा अजूनही गालातल्या गालात हसतो.

ते गाव मी पाहिलेलं नाही, पण मला तोंडपाठ आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड, घाटाखालून आलेल्या मामीची कोकणी. शिव्या तिन्ही भाषांत, देवाला गाऱ्हाणं मराठीत आणि म्हशीशी बोलणं कन्नडमध्ये, कारण म्हैस धारवाडच्या बाजारातून आणलेली. सीमेचा वाद पेटला की कुणीतरी येऊन गावाची पाटी रंगवून जायचं, महिन्याभरानं दुसरं कुणीतरी येऊन तिच्यावर दुसरा रंग फासायचं. नदीला पाटी नव्हती म्हणून वाचली, असं अण्णा म्हणतात. पावसाळ्यात साकव वाहून जायचा आणि पलीकडचं शेत दोन महिने परमुलूख व्हायचं. खेकडे अंगणात यायचे. वैशाखात अस्वलं करवंदं खायला काठावर उतरायची. "आता होळीलाच तिची हाडं दिसतात. सगळे मोटरी लावून ओढूलालेत की," असं म्हणून ते माझ्या मोटरीकडे बघतात. मी काही मोटर बंद करत नाही.

त्या गावात त्यांची थोरली बहीण, तुळसाक्का. अण्णांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळं बोलण्यात सदान्‌कदा अक्का. अक्का म्हणते भाताला एवढं पाणी नको. अक्काला मोटारीचा वास सोसत नाही, म्हणून ती कधी हुबळीला येत नाही. या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण माझा भात बिघडला की मला त्यांचा राग यायचा.

आणि अण्णांची भाऊबीज तर काय सांगावी. पंचांगातली त्यांना चालतच नाही. त्या दिवसानंतर नळाला पहिल्यांदा पाणी येईल तो त्यांचा दिवस. धुवट धोतर, टोपी, नळापुढं पाट, ताटात निरांजन, कुंकू, सुपारी. अक्का पाण्यातनं ओवाळायला येते म्हणे. धार पडली की ओलं बोट कुंकवात बुडवून स्वतःच टिळा लावायचा, एक घोट प्यायचा, आणि मगच दिवाळीचा फराळ तोंडात घालायचा. मला वाटायचं, तिकडं बहीण नदीत दिवा सोडत असेल. पहिल्या वर्षी मी खिडकीत उभी राहून पोट धरून हसले होते.

यंदा पाण्याची पाळी भाऊबीजेलाच होती, आणि नेमका दिवाळीत कुठंतरी मोठा पाइप फुटला. भाऊबीज झाली, पाणी नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. गल्लीत टँकर आला, मी अण्णांच्याही दोन कळशा भरून ठेवल्या. पाणी कुठलं, त्यांनी विचारलं. बोअरचं, मी म्हटलं. त्यांनी त्यात भांडी घासली आणि सकाळी पुन्हा धोतर नेसून पाटावर बसले. चौथ्या दिवशी जेवणही अर्ध्यावर आलं. चेहरा पार उतरला.

पाचव्या दिवशी माझा पारा चढला. चकल्यांची ताटली घेऊन गेले आणि म्हटलं, अण्णा, आता पुरे झालं. अक्कांना फोन लावा. हल्ली लोक फोनवर ओवाळतात. नंबर द्या, मीच लावते.

अण्णांनी पंच्यानं नळाची तोटी उगीचच पुसली. "फोन कुठला लागतोय बाई," ते म्हणाले. "चार वर्षं झाली अक्का जाऊन."



मग त्यांनी सांगितलं. त्या भाऊबीजेला ते गावी जाणार होते, पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आणि त्याच दिवशी पाणी यायचं होतं. आपल्या हुबळीत साखरपुडासुद्धा पाण्याचा दिवस टाळून ठरतो. एकटा माणूस, आज चुकलं की आठवडाभर कोरडा. त्यांनी बहिणीला फोन केला, पाणी भरून घेतो आणि उद्या येतो. अक्का हसली. म्हणाली, भर बाबा, आमच्या हितलंच हाय ते, त्यातनंच ओवाळते तुला. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"चार कळशा पाण्यासाठी थांबलो बघा," अण्णा म्हणाले. "असोग्याला रक्षा सोडली तवा म्हटलं, आता तूच ये. मी कुठं जात नाही."

तीन वर्षं मी त्या पाच मिनिटांचे लिटर मोजत होते. मला लाज वाटली. चकल्या तिथंच पायरीवर ठेवून मी घरात आले.

पाणी सातव्या दिवशी सकाळी आलं. समोरच्या पार्वतक्कांनी कन्नडमध्ये हाक दिली, "नीरु बंतू." मी सवयीनं पाइप उचलून धावले. अण्णा पाटावर होते, पण काडी दर वेळी विझत होती. मी पाइप खाली टाकला आणि निरांजन लावून दिलं. नळ खोकला. लालसर धार पडली.

"ये बाई. दमलीस."

अण्णांनी टिळा लावला, घोट घेतला आणि करंजी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली. गल्लीभर मोटरींची घरघर सुरू झाली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "लावा आता मोटर. तुमची टाकी रिकामी हाय."

मी पायरीवर बसले. धार ताटाशेजारून वाहत होती.

"बसा अक्का," मी म्हटलं. "घाई नाही."