एका दिवसात सतरा बाळंतपणे

आजारी पडण्याचा हक्क जनतेला पूर्वीपासून होताच. बरे होण्याचा हक्क तिला दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मिळाला. तोही मोफत. १९५७ साली मी बुऱ्हाणपुरात आरोग्याच्या एका कचेरीत लेखनिक होतो, त्यामुळे हा हक्क जनतेपर्यंत पोहोचताना मी जवळून पाहिला. (काही ठिकाणी तो पोहोचला नाही. तेही जवळूनच पाहिले.)

धूलकोटच्या अलीकडे चिंचपाडळी नावाचे अकराशे वस्तीचे गाव. तिथले आरोग्य केंद्र मंजूर झाले तेव्हा आमचे सरकार नागपूरला होते. इमारत उभी राहिली तोवर नवा प्रांत होऊन ते भोपाळला, म्हणजे हिंदीत, गेले होते. त्यामुळे फलकावरचे ‘आरोग्य’ खरवडून तिथे ‘स्वास्थ्य’ लिहिण्याचा हुकूम आला. कामाला सहा आठवडे लागले. या काळात गावकऱ्यांच्या प्रकृतीत दोन्ही भाषांत फरक पडल्याची नोंद नाही.

खाटा आल्या, औषधे आली. मग आमच्या दत्तात्रयराव साहेबांनी दाराला कुलूप घातले आणि किल्ली आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचे होते. त्याआधीच कोणी बरे झाले तर मंत्र्यांनी येऊन काय करायचे, असा साहेबांचा रोकडा सवाल होता.

त्या गावात रंभाबाई नावाची दाई होती. तीस वर्षे तिने गावाची बाळंतपणे केली होती, परंतु विनापरवाना. तिला तीन महिने बुऱ्हाणपुरात आणून प्रशिक्षण देण्यात आले. शिकवणाऱ्या बाई नव्या होत्या. त्यांनी एकही बाळंतपण केलेले नव्हते. त्या अडल्या की रंभाबाई त्यांना सांभाळून घेई. मात्र उकळलेले पाणी, साबण आणि स्वच्छ कात्री हे तिने मनापासून घेतले. “आपल्या हातानं काही लेकरं गेली, मले वाटे देवानं नेली,” ती एकदा मला म्हणाली. “हात धुतले असते तर कदाचित राहिली असती.” मी तिला प्रमाणपत्र दिले आणि अंगठा घेतला.

प्रमाणपत्राच्या पाठीमागे दोन अटी होत्या. प्रशिक्षित दाईने केंद्राच्या हद्दीबाहेर बाळंतपण केल्यास प्रमाणपत्र रद्द होईल. आणि कात्री वगैरेंची पेटी केंद्रातच राहील. म्हणजे पूर्वी गावात फक्त दाई होती. आता दाई, पेटी, इमारत आणि फलक एवढे सगळे होते, आणि बाळंतपण तेवढे करता येत नव्हते. आमच्याकडे याला पूर्वतयारी म्हणत.

उद्घाटनाची तारीख तीनदा पुढे गेली. गावातल्या गरोदर बायकांना तारीख पुढे ढकलण्याची सोय नव्हती. (योजनेतली ही त्रुटी साहेबांनी वर कळवली होती.)

मेच्या पहिल्या आठवड्यात केळीच्या बागेत राबणारा कडू भर दुपारी रंभाबाईच्या दारात आला. त्याची बायको मालूबाई आदल्या दिवसापासून अडली होती. तिची आधीची दोन मुले जन्मतःच गेली होती. बुऱ्हाणपूर बैलगाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर.

“काकी, चाल ना वं,” कडू म्हणाला. “ती आता वरडत बी नाही.”

रंभाबाईने भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिले. तिला वाचता येत नव्हते, पण अटी पाठ होत्या.

“गाडी जुप,” ती म्हणाली. “हद्दीत आन तिले.”

मालूबाईला केंद्राच्या ओसरीवर घोंगडीवर निजवले. चौकीदार गिरधर आडवा आला.

“काकी, ओसरीचं उद्घाटन नाही झालं अजून.”

“झालं समज. आता कुलूप फोड, पेटी आत हाये.”

“माही नोकरी जाईल!”

तेवढ्यात मालूबाई कण्हली. गिरधरने तिच्याकडे पाहिले, मग कुलपाकडे. “मी पानी प्यायले जाऊन राहिलो,” तो म्हणाला. “तो दगड तिथून हटवायचा राहिला. कोन्हाले लागंल.” आणि पाठमोरा चालू लागला.

कुलूप तिसऱ्या घावाला तुटले. शासकीय साबणाचा पहिला वापर झाला. नाळेचा वेढा मानेला होता. मुलगी निळी निघाली आणि गप्प राहिली. रंभाबाईने तिला उलटी धरली, चोळली, थोपटली. कडू ओसरीच्या खांबाला कपाळ टेकून उभा होता. मग मुलगी रडली. कडूही रडला, पण त्याची नोंद ठेवण्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.

रंभाबाईला हिंदीत नोटीस गेली. ती घेऊन बाई कचेरीत आली.

“कुलूप का फोडलं?” साहेबांनी विचारले.

“लेकरू अडकलं व्हतं, साहेब.”

“केंद्रात?”

“नाही. मायच्या पोटात.”

साहेबांनी पाणी मागवले. मग नवे कुलूप मागवले. पण गावच्या बायकांनी ते कुलूप मानले नाही. जून संपेपर्यंत त्या बंद केंद्रात सतरा बाळंतपणे झाली, एकही मूल वा आई दगावली नाही, आणि सहा कुलुपे कामी आली.

आता प्रश्न नोंदीचा होता. जे केंद्र सुरूच झाले नाही तिथे सतरा मुले जन्मली कशी? हा तिढा मी सोडवला, हे नम्रपणे नमूद करतो. उद्घाटन एक जुलैला ठरले होते. सतराही मुले मी एक जुलैला जन्माला घातली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मंत्री आले, फीत कापली. खाटांवर सतरा ‘नवजात’ बालके हारीने मांडली होती. कडूच्या मुलीने, वय दोन महिने, मंत्र्यांच्या गळ्यातला हार मुठीत पकडला आणि सोडेना.

“आज ही पैदा हुई?” मंत्र्यांनी कौतुकाने विचारले.

“जी,” साहेब म्हणाले. “नए प्रांत की हवा है.”

अहवाल भोपाळला गेला. तिथल्या हुशार माणसांनी सतराला तीनशे पासष्टने गुणले. अकराशे वस्तीच्या गावात वर्षाला सहा हजार दोनशे पाच जन्म! त्यांना घाम फुटला. महिनाभरात आदेश आला: चिंचपाडळीतील बाळंतपणाची सोय तत्काळ बंद करून तिथे कुटुंबनियोजनाचा प्रचार सुरू करावा, दाईला त्या प्रशिक्षणासाठी पाठवावे.

रंभाबाई गेली नाही. कचेरीत येऊन तिने प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवले.

“हे घ्या. साबन ठेवून घेतला म्या.”

पुढे ती घरोघरी जाऊन बाळंतपणे करत राहिली, पाणी उकळून, विनापरवाना. केंद्रात भिंतभर तक्ते लागले. सतरा मुले मात्र शाळेत गेली, सरकारी नोकऱ्यांत लागली, आणि माझ्या तारखेनुसार एकाच दिवशी निवृत्तही झाली. कोणीही तक्रार केली नाही. महिना-दोन महिने पगार जास्त मिळाला तर कोण करतो?

तुम्ही हसलात, हे ठीक आहे. आता उठा आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहून या. एक जुलै असेल, किंवा पलीकडच्या मराठी राज्यात असाल तर एक जून. त्या दिवशी तुम्ही दरवर्षी त्यांचे औक्षण करता, शिरापुरी खाता. खुशाल खा. कुठल्या तरी गावच्या लेखनिकाला त्या दिवशी सोयीचे होते, एवढे लक्षात असू द्या.