फ्लॅश दोनदा चमकतो

भर दिवसाही कॅमेऱ्याचा फ्लॅश लावावा, असं माझं ठाम मत आहे, आणि जे घडलं त्यानंतरही ते तसूभर बदललेलं नाही. मी तशी हळू बोलणारी बाई. रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन पाळते, त्याला अकरा वर्षं झाली. बारानंतर बोलते, पण खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, हेही नेम आहेत. तेव्हा पुढचं सगळं खरं आहे, आणि कृपा करून हळू आवाजात वाचावं.

कॅमेरा माझा. त्याचं माहितीपुस्तक मी पोथीसारखं मांडी घालून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. त्यातली तारीख आणि वेळसुद्धा रेडिओचे ठोके ऐकून मीच लावली. घरात बाकी कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मतं मात्र सगळ्यांना आहेत.

त्या दिवशी फोटो एकच काढायचा होता. थोरले दीर आणि आमचे हे, सख्खे भाऊ, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक कपाट. ते कुणी न्यायचं यावरून बिनसलं. पुढे कपाटाला वाळवी लागून ते मोडीत गेलं, अबोला मात्र शाबूत राहिला. थोरले दीर दोन दिवस आईला भेटायला आले होते आणि बाराच्या टॅक्सीने परत निघणार होते. सासूबाईंनी आठवडाभर आधीच एक रिकामी फ्रेम आणवून पलंगासमोरच्या खिळ्याला अडकवली होती. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि मध्ये त्या, एवढंच त्यांना हवं होतं. थोरल्यांनी कबूल केलं, पण अट घातली.

"आईसाठी एक फोटो. दुसरा नाही."

सासूबाईंची खुर्ची खिडकीला पाठ करून असते. गुडघ्यांमुळे ती हलवायची सोय नाही. आता मागून एवढं ऊन येत असेल तर पुढून फ्लॅश हवाच, नाहीतर तिघांची तोंडं तव्याच्या बुडासारखी येतात. पान बेचाळीस. मी बटण दाबलं, फ्लॅश टुणकन वर आला.

"दिवसा कुणी फ्लॅश लावतं का?" ह्यांनी पंख्याकडे बघत विचारलं.

"उन्हात कंदील घेऊन फिरण्यातला प्रकार," थोरले भिंतीला म्हणाले.

दोन वर्षांत भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या अकलेवर! मी हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी. नाहीतर पान बेचाळीस तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता. काही लोकांना वेळेआधी येऊन ठेपायची फार खोड, असं मनात म्हटलं आणि फ्लॅश तसाच ठेवला. आवाज चढवत नाही म्हणून माघार घेते असं नाही.

तरी माझी तयारी पक्की होती. डोळे लाल येऊ नयेत अशी एक सोय कॅमेऱ्यात असते. त्यात फ्लॅश आधी एकदा नुसताच चमकतो आणि जरा वेळाने पुन्हा चमकून खरा फोटो निघतो. ते मी चिठ्ठीवर ठळक लिहिलं: "फ्लॅश दोनदा चमकेल. पहिल्यानंतर हलू नका." थोरल्यांच्या चष्म्याची काच चकाकेल म्हणून खुणेने तो काढायला लावला आणि मग चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली.

हो, कळलं. आता कळलं.

थोरल्यांनी चिठ्ठी हातभर लांब धरून पाहिली, नाकाला लावून पाहिली. मग न बोलता बाजूला ह्यांच्यापुढे धरली. भावाच्या हातून कागद घेतील तर ते आमचे हे कसले! ते पंख्याची पाती मोजत राहिले. शेवटी प्रवासासाठी मी काही मंत्र लिहून दिला असेल असं समजून थोरल्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली आणि खिशात घातली.

खाली पुन्हा हॉर्न. मी बटण दाबलं.

पहिला फ्लॅश चमकला आणि तिघांनी एकदम सुटकेचा निःश्वास सोडला. फोटोपुरती बसवलेली कवळी सासूबाईंनी लगेच काढून तळहातावर घेतली. मी घाबरून हात वर केला, हलू नका म्हणून. त्यांना वाटलं मी टाटा करतेय, त्यांनी कवळीसकट हात हलवला. थोरले निघायला वळले आणि अडकले, कारण समोर ह्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. शाळेत असल्यापासून ह्यांची कॉलर तशीच असते म्हणे, आणि तेव्हापासून ती थोरलेच सरळ करत आलेले. त्यांचा हात आपोआप गेला.

दुसरा फ्लॅश चमकला.

मी कॅमेरा पुढे केला, एक बोट वर करून विनवलं, अजून एक, एकच. थोरल्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला. ह्यांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिला. मग सासूबाईंनी बघितला आणि बिनदातांच्या तोंडाने अशा हसल्या की खुर्ची हलली.

"दुसरा नको. हाच लावायचा."

थोरल्यांनी बॅग उचलली. दारापर्यंत जाऊन थांबले.

"कॉलरला इस्त्री करत जा," ते म्हणाले. या वेळी भिंतीला नव्हे.

"पोचलास की फोन कर," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांनी मोठी प्रिंट करून आणली. चेहरे कसे लख्ख! एकाचाही डोळा लाल नाही, कवळीचा दात न् दात मोजून घ्यावा. फ्लॅश माझाच बरोबर होता, हे मी ह्यांना बोटाने दाखवत होते, तेवढ्यात ह्यांचं बोट खालच्या कोपऱ्यावर गेलं. तिथे मीच लावलेली वेळ छापून आली होती. बारा वाजून सात मिनिटं. हॉलमधलं घड्याळ सेल संपत आल्यामुळे मागे पडलं होतं.

"म्हणजे मौन कधीच सुटलं होतं," हे म्हणाले. "मला वाटलं, कंदिलावरून रागावून वाढवलं असेल. मग 'हलू नका' एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. पण तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि नेम म्हणजे नेम.